विचारलं तर ‘नाही’ म्हणा

सकाळपासून चौथ्यांदा टेबलाखाली शिरताना केबलताईच्या गुडघ्यांनी कट्‌कन आवाज केला. आवाज इतका खणखणीत होता की खुर्चीवर बसलेल्या फिटरने खाली वाकून विचारलं, “ताई, काही तुटलं का?”

“मी तुटले,” ती खालून म्हणाली. “टॉर्च दे.”

पंचावन्नाव्या वर्षी माणसाने टेबलापाशी बसावं, टेबलाखाली नाही, असं तिचं स्पष्ट मत होतं. पण मत विचारतो कोण? कृत्रिम हातपाय बनवायच्या त्या कारखान्यात चौदा कॉम्प्युटर होते आणि चौदांना मिळून एक केबलताई. तिचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं, एरवी ते कुणाला लागत नसे. एकोणिसाव्या वर्षी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली होती. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, आणि ह्याची दोरी त्याच्या भोकात खुपसली की दोन माणसं एकमेकांशी बोलायला लागत. एक्स्चेंजला कुलूप लागलं तशी ती इथे आली आणि बावीस वर्षं तेच काम करत राहिली, फक्त माणसांच्या जागी यंत्रं आली. माणसं निदान ‘हॅलो’ तरी म्हणायची.

आजचं दुखणं वरवर पाहता किरकोळ होतं. फिटरच्या जुन्या कॉम्प्युटरने शुक्रवारी मान टाकली. सोमवारी, म्हणजे आज, त्याच्या जागी नवाकोरा लॅपटॉप आला. फिटरने तो भिंतीतल्या केबलला जोडला, चालू केला, पायांची मापं ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात ते उघडलं आणि ‘इतर कॉम्प्युटर’ अशी जी यादी असते तिच्यावर गेला. त्या यादीत दोन नावं दिसायला हवी होती. एक, पलीकडच्या खोलीतला कॉम्प्युटर, ज्यावर पेशंटच्या पायाचं माप घेतात. दुसरा, मागच्या शेडमधला, जो साचा कापायचं मशीन चालवतो. यादीत काहीच नव्हतं. लॅपटॉपच्या मते अख्ख्या इमारतीत तो एकटाच राहत होता.

आणि दाराशेजारच्या बाकावर लिफ्टमेकॅनिक बसला होता.

चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, बोटांच्या पेरांत ग्रीस कायमचं मुरलेलं. उजवा पाय गुडघ्याखाली नाही, आठ वर्षं झाली. कृत्रिम पाय लावून तो इमारतींचे जिने चढायचा, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचा, अडकलेल्या लिफ्ट सोडवायचा. गेल्या आठवड्यात त्याच्या पायाच्या सॉकेटला, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या वाटीला, वरपासून खालपर्यंत तडा गेला. तेव्हापासून तो कुबड्यांवर होता. उद्या सकाळी नऊ वाजता त्याच्या कंपनीच्या डॉक्टरसमोर त्याला दोन मजले चढून उतरून दाखवायचे होते. जमलं तर काम पहिल्यासारखं चालू. नाही जमलं तर खाली स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट वेगळे करायचे, तेही सहा महिने, मग घरी.

“तारीख पुढे नाही का ढकलत?” फिटरने सकाळी विचारलं होतं.

“दोनदा ढकलून झाली,” तो म्हणाला होता. “आता ते मलाच ढकलतील.”

सकाळी नऊला त्याचं नवीन माप घेऊन झालं होतं. ते पलीकडच्या खोलीत, वीस पावलांवर, कॉम्प्युटरच्या पोटात सुखरूप पडून होतं. ते लॅपटॉपवर आलं की फिटर त्यात दाबाच्या जागा ठरवणार, मग ते शेडमधल्या मशीनकडे जाणार, मशीन साचा कापणार, साच्यावर गरम प्लॅस्टिक ओढायचं, निववायचं, बसवून बघायचं. सगळं मिळून साडेतीन तास. कारखाना सहाला बंद. म्हणजे अडीचच्या आत माप लॅपटॉपवर यायला हवं. जुन्या पद्धतीने प्लॅस्टरचा साचा घ्यायचा तर वाळायलाच तीन दिवस जातात.

केबलताईला साडेदहाला बोलावणं आलं होतं. तिने नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. केबल बदलली. भिंतीतलं टोक उघडून पुन्हा दाबलं. जिन्याखालच्या खोलीत, जिथे सगळ्या केबल्स एका डब्यात येऊन मिळतात, तिथे जाऊन लॅपटॉपची तार दुसऱ्या भोकात लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. डबा बंद करून चालू केला. त्यामुळे हिशेबाच्या खोलीतून दोन जण ओरडत आले, त्यांना गप्प केलं. लॅपटॉपवरून पलीकडच्या कॉम्प्युटरला त्याच्या आकड्यांच्या पत्त्याने हाक मारली, तर त्याने लगेच ओ दिली. म्हणजे तार शाबूत, रस्ता शाबूत. पण यादीत नाव म्हणून नाही! आणि हे सॉफ्टवेअर असं आखडू की यादीतून नाहीतर पेनड्राइव्हवरूनच माप घेणार, पत्ता हाताने टाकला तर ओळखही दाखवणार नाही.

पेनड्राइव्हवर माप घालून आणता आलं असतं. कुठल्याही दुसऱ्या कचेरीत कुणीही तेच केलं असतं. पण इथल्या चौदाच्या चौदा कॉम्प्युटरची पेनड्राइव्हची भोकं गोंद भरून बुजवलेली होती. आणि तो गोंद केबलताईने स्वतःच्या हाताने भरला होता.

त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा एका दुपारी कुठल्याशा कॉम्प्युटरवर एक चौकट उघडली, काहीतरी विचारलं, आणि कुणीतरी ‘हो’ दाबलं. संध्याकाळपर्यंत एकेका कॉम्प्युटरमधल्या मापांचं भुसकट झालं होतं. सातशेहून जास्त माणसांचे हातपाय, वर्षानुवर्षं जपलेले, एकही फाइल तोंड उघडेना. पुढचे पाच महिने लोकांना पुन्हा बोलावून मापं घ्यावी लागली. एक आजी तर म्हणाली, “माझा हात हरवला होता एकदा, तुम्ही तो दुसऱ्यांदा हरवलात.”

कुणी दाबलं, ह्याची चौकशी झाली. सगळे म्हणाले, मी काही केलं नाही. मग खापर फुटलं ते पुढच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंच्या डोक्यावर. पेशंटची नावं लिहून घेणाऱ्या त्या बाई महिन्याभरात निवृत्त होणार होत्या, कॉम्प्युटरला भीत होत्या, आणि भांडत तर मुळीच नव्हत्या. त्या गेल्या, आणि गोष्ट त्यांच्या नावावर मागे राहिली. अजूनही नवीन माणूस कामावर आला की कुणीतरी सांगायचंच, “इथे एक बाई होत्या, त्यांनी एकदा बटण दाबलं आणि सातशे पाय गेले.” सांगणारा हसायचा. केबलताई अशा वेळी जिन्याखालच्या खोलीत निघून जायची.

त्याच आठवड्यात तिने गोंद भरला. आणि चौदा कागद छापून प्रत्येक कॉम्प्युटरच्या कपाळावर चिकटवले. ठसठशीत अक्षरांत एकच ओळ: ‘कॉम्प्युटरने काहीही विचारलं तर नाही म्हणा.’ लोकांनी ती इतकी मनावर घेतली की मधे एकदा हिशेबनीसाने ‘बदल साठवायचे का?’ ह्या प्रश्नालाही नाही म्हणून अख्खा दिवस पाण्यात घालवला होता. तिने त्याला झापलं, पण कागद काढला नाही.

अकराच्या सुमारास लिफ्टमेकॅनिक बाकावरून म्हणाला, “ताई, एक विचारू का?”

“आता नको, दादा,” ती टेबलाखालून म्हणाली. “तुम्ही बाहेर बसा ना, तिकडे पंखा आहे.”

तो बाहेर गेला नाही. कुबड्या भिंतीला टेकवून तसाच बघत बसला.

बारापर्यंत तिने लॅपटॉपची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी भिंत, बंद करून पाहिली. फरक नाही. इतर कॉम्प्युटर शोधायचं जे बटण सेटिंगमध्ये असतं ते बंद होतं, ते चालू केलं. तिला वाटलं, सुटलं! यादी उघडली. कोरी. लॅपटॉपचं घड्याळ तपासलं, गटाचं नाव तपासलं, ते तर बरोबर होतं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. प्रत्येक वेळी लॅपटॉप सुरू होताना ते प्रसन्न संगीत वाजायचं, आणि प्रत्येक वेळी तिला तो खिडकीतून फेकून द्यावासा वाटायचा.

साडेबाराला घरून फोन आला. मिस्टर निवृत्त झाल्यापासून दिवसातून चारदा यायचाच.

“अगं, टीव्हीचा रिमोट कुठे आहे?”

“सोफ्याच्या फटीत.”

उशा आपटल्याचा आवाज. “सापडला. तुला तिथे बसून कसं कळतं?”

“दुसरीकडे कुठे असणार?” ती म्हणाली आणि फोन ठेवला. आयुष्यभर तिने हेच केलं होतं. दुसऱ्यांचं हरवलेलं शोधून द्यायचं. तिचं काय हरवलंय हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे. दमल्यावर माणसाला असलं काहीबाही सुचतं.

तिने डबा उघडला, दोन घास खाल्ले, बंद केला.

एक वाजता तिने फिटरची उलटतपासणी घेतली. खरं तर ती तपासणी नव्हतीच. ती दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, “तू ह्याच्याशी काही चाळे केलेस?”

“नाही हो ताई. मी काही केलं नाही.”

“गेम टाकला? कसलं अ‍ॅप?”

“शपथ, ताई. काही नाही केलं.”

“सगळे हेच म्हणतात,” ती म्हणाली. तिशीतला, दोन लेकरांचा बाप, पण फिटरचा चेहरा शाळेतल्यासारखा पडला. त्याने मान खाली घालून उगाचच लॅपटॉपवरची नसलेली धूळ पुसली.

“ताई,” लिफ्टमेकॅनिक पुन्हा म्हणाला, “सकाळी मी इथेच...”

“दादा, हात जोडते. तुमचंच काम चाललंय. मधे मधे बोलू नका.”

तो पुन्हा भिंतीला टेकला. तिला स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटली, पण ती वाटून घ्यायलाही वेळ नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा झाला होता. शेडमधून मशीनवाले भाऊ दोनदा येऊन दारातून डोकावून गेले. ते काही बोलले नाहीत, नुसतं घड्याळाकडे बघितलं. ते बोलले असते तर परवडलं असतं.

दोन वाजता केबलताईने हात टेकले. म्हणजे अक्षरशः टेकले, टेबलावर, आणि त्यांवर कपाळ. डोकं भणभणत होतं. डोळ्यांसमोर तारा नाचत होत्या. “होत नाही,” ती म्हणाली. “दादा, माफ करा. मला जमत नाहीये.”

बाकावरून आवाज आला, अगदी हलका, जणू अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसाशी बोलतोय.

“ताई, आता विचारू?”

“विचारा.”

“लिफ्ट बंद पडली की आमच्यातली नवीन पोरं धावत वर जातात. मोटर बघ, तारा बघ, सगळं खोलून ठेवतात. मी आधी आत होता त्याला विचारतो, शेवटचं काय दाबलंत? तो घाबरलेला असतो. म्हणतो काही नाही दाबलं. मग मी म्हणतो, अहो, मी असतो तर मीही दाबलं असतं. सांगा. मग सांगतो.” तो थांबला. “सकाळी मी इथेच बसलो होतो. लॅपटॉप चालू झाला तेव्हा कोपऱ्यात काहीतरी आलं होतं. ह्यांनी वर त्या कागदाकडे बघितलं आणि काहीतरी दाबलं.”

केबलताईने मान वर केली. लॅपटॉपच्या कपाळावर कागद होता. जुन्या कॉम्प्युटरवरून काढून फिटरने तो सकाळी, लॅपटॉप चालू करण्याच्याही आधी, पट्टी लावून नीट चिकटवला होता. इतका वेळ तो तिच्या नाकासमोर होता आणि तिला दिसला नव्हता.

फिटर पांढराफटक पडला होता.

“अरे,” ती म्हणाली. तिने आवाज मऊ करून बघितला. सवय नसल्यामुळे तो जरा चमत्कारिक आला. “मी असते तर मीही दाबलं असतं. काय विचारलं होतं त्याने?”

“ताई, ते... ह्या नेटवर्कवरच्या इतर कॉम्प्युटरना तुम्ही दिसावं का, असं काहीतरी. हो की नाही.” त्याने कागदाकडे बोट केलं. “मी नाही म्हणालो. मला वाटलं, तुम्हीच तर सांगितलंय. म्हणून मी म्हणत होतो ना, काही केलं नाही. नाही म्हणणं म्हणजे काही न करणंच वाटलं मला.”

केबलताईने कपाळावरचा दूरचा चष्मा खाली घेतला, मग तो नको म्हणून पिशवीतला जवळचा काढला. सेटिंग पुन्हा उघडली. तिथे दोन कप्पे होते, ओळखीच्या नेटवर्कचा एक आणि सार्वजनिक नेटवर्कचा एक. तिने बारा वाजता बटण चालू केलं होतं ते पहिल्या कप्प्यातलं. ‘सध्याचं’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं ते दुसऱ्या कप्प्यासमोर. नको म्हटल्यापासून लॅपटॉपला वाटत होतं की आपण कुठल्या तरी परक्या बाजारात उभे आहोत, आणि तो बिचारा कुणाकडे न बघता, कुणाला न दिसता, अंग चोरून उभा होता. नवशिक्यानेही ही गोष्ट सगळ्यात आधी बघितली असती! तिने घर आपलं आहे असं सांगणारा एक ठिपका बदलला. यादी उघडली.

पहिलं नाव आलं. दोन क्षणांनी दुसरं.

दोन वाजून अकरा मिनिटं.

फिटरने खुर्ची ओढली, माप उघडलं, आणि तो लागलीच कामाला लागला. मशीनवाले भाऊ दारातूनच मागे वळले, आणि शेडमध्ये मशीनची घरघर सुरू झाली. केबलताईला करायला काहीच उरलं नाही. ती बाकावर, कुबड्यांच्या शेजारी, बसली. पाय लांब केले.

“मी तुम्हाला दोनदा गप्प केलं,” ती म्हणाली.

“चालायचंच,” तो म्हणाला. “मी तर लोकांना लिफ्टमध्ये अडकवून ठेवतो तासभर, आणि वर ओरडू नका म्हणतो.”

साडेपाचला सॉकेट तयार झालं. अजून कोमट होतं. लिफ्टमेकॅनिकने पाय आत सरकवला, उभा राहिला, वजन टाकलं, उचललं, पुन्हा टाकलं. फिटरने एका जागी कड घासून दिली. मग तो बाहेरच्या जिन्याकडे गेला आणि कठड्याला हात न लावता वर चढला. वरून खाली आला. पुन्हा वर गेला. कारखान्यातले आठ जण हातातलं काम टाकून नुसते बघत होते. तिसऱ्या फेरीला तो खाली येऊन घामाघूम हसला. कुबड्या त्याने काखेत मारल्या आणि चालत गेला. उद्या नऊला काय होईल ते होईल, पण जिना त्याला जमत होता. केबलताईचा जीव भांड्यात पडला.

सगळे निघाले तरी फिटर घुटमळत होता. टेबल आवरलं होतं तेच पुन्हा आवरत होता.

“ताई, चूक माझी होती. उद्या साहेबांना मीच सांगतो.”

केबलताई लॅपटॉपवरचा कागद काढत होती. पट्टी चिवट होती, कोपरा उचलत नव्हता. तिने प्रयत्न सोडला आणि खुर्चीत बसली. पाठीत कळ आली. अकरा वर्षं तिने हे वाक्य तोंडात धरलं होतं, आणि हा कालचा माणूस, सगळा दिवस शिव्या खाऊन, ते सहज बोलून मोकळा झाला होता. तिला त्याचा हेवा वाटला. नंतर रडू आलं, पण थोडंसंच.

“अरे, अकरा वर्षांपूर्वी ‘हो’ मी दाबलं होतं,” ती म्हणाली.

फिटरला आधी समजलं नाही. मग समजलं.

“पण त्या तर... त्या पुढच्या टेबलावरच्या बाई...”

“त्यांनी काही केलं नव्हतं. मी त्यांच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती करत होते. तीन दिवस घरी नीट झोपले नव्हते, सासूबाई आजारी होत्या. चौकट आली, मी न वाचताच हो म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सगळे मी नाही, मी नाही म्हणायला लागले, तेव्हा मीही म्हणाले.”

फिटरने जपून विचारलं, “त्या आहेत का अजून?”

आहेत. नंबर अकरा वर्षं फोनमध्ये होता. फिटर गेल्यावर केबलताईने दिवे घालवले, दाराशी उभी राहिली आणि फोन लावला. सात-आठदा वाजला. ती ठेवणार तेवढ्यात उचलला. आवाज म्हातारा झाला होता, पण ओळखू येत होता. नाव सांगण्याआधीच त्यांनी तिला खऱ्या नावाने हाक मारली.

“बाई,” ती म्हणाली. पुढचं शोधायला तिला वेळ लागला. “बाई, त्या दिवशी तुम्ही काही दाबलं नव्हतं.”

पलीकडे त्या हलकेच हसल्या.

“अगं, ते मला माहीत आहे ना. तुझ्यामागेच उभी होते मी, चहा घेऊन.”

केबलताई तिथेच दाराच्या पायरीवर बसली.

“त्या दिवशी फार दमलेली होतीस तू,” बाई म्हणाल्या. “आजही तशीच वाटतेस. जेवलीस का?”